सांडायचं धान

दुधाच्या भुकटीचा एक पत्र्याचा डबा माझ्या स्वयंपाकघरात सदतीस वर्षं होता. भुकटी केव्हाच संपली, डब्यावरचं चित्रही उडून गेलं, झाकणाच्या कडेला गंज धरला. तीन घरं बदलली. तिन्ही वेळा हा डबा मी सामानाच्या गाडीत टाकू दिला नाही, मांडीवर घेऊन बसले. आत मूठभर धान होतं. दर दिवाळीच्या साफसफाईत घरातलं कोणीतरी तो हलवून विचारायचं, "हे टाकायचं का?"  "राहू दे," एवढंच मी म्हणायची. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जिचा जन्म गेला, तिला मूठभर धानाबद्दल घरच्यांना दोन वाक्यं सांगता येऊ नयेत, याची माझी मलाच लाज वाटायची.

गेल्या वैशाखात गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. आम्ही त्याला बाबू म्हणतो, नातवंडं झाली तरी बाबूच.

"बाई, बोडी खोदून राहिले. मशीन लागली हाय. बेशरमाचं झुडूप सारं काढून टाकलं. एकडाव येऊन पाहून जाय."

आमच्या भंडारा जिल्ह्यात लहान तळ्याला बोडी म्हणतात. ही आमच्या शेताला लागून, सानगडीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. मी "येते" म्हटलं, आणि मग जाऊ की नको करत दोन महिने काढले. मी जातीची भित्री भागूबाई. आधी ऊन फार आहे म्हटलं, मग गुडघे दुखतात म्हटलं. आषाढ लागला, बोडीत पाणी साठलं असेल असा हिशेब मनात आला, तेव्हा फळीवरून डबा काढला, पिशवीत घातला आणि एसटीत बसले.

नागपूरहून निघालं की भंडाऱ्याच्या अलीकडे जवाहरनगरचा फाटा लागतो. बस तिथे थांबली आणि मी नकळत डब्यावर हात ठेवला. सगळं तिथून सुरू झालं होतं. माझा मामा तिथल्या कारखान्यात होता, क्वार्टरमध्ये राहायचा. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल, मी आठवीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे राहायला जाण्याचं केवढं अप्रूप! नळाचं पाणी, फिनेलचा वास, कारखान्याचा भोंगा वाजला की मामीचं कुकरखालचा स्टोव्ह पेटवणं. पण मला सगळ्यांत आवडलं ते क्वार्टरमागचं कुंपण. माणसाच्या उंचीचं, हिरवंगार, आणि भर उन्हात त्यावर फिकट जांभळी, कर्ण्याच्या आकाराची फुलं. आमच्या गावात असलं फूल तेव्हा कोणी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात फुलायचा तो पळस, आणि तोही मे महिन्यापर्यंत झडून जायचा.

"ने ना वं," मामा म्हणाला. "काड्याच तं हाय. कुठंबी टोच, लागते. बकऱ्या तोंड लावत नाही."

मी बारा काड्या तोडल्या, ओल्या पोत्यात गुंडाळल्या आणि कारखान्याच्या बसमधून, मग एसटीतून, मांडीवर घेऊन गावी आणल्या. पाहा, मांडीवर घेऊन बसायची खोड तेव्हापासूनची.

ज्या बोडीसाठी त्या काड्या आणल्या, तिच्याबद्दल सांगायला हवं. तशी ती काही मोठी नव्हे. पावसाळ्यात भरायची, चार महिने बांधीतल्या, म्हणजे बांध घातलेल्या शेतातल्या धानाला पाणी द्यायची, आणि चैत्रात तिचा तळ उघडा पडून त्याला भेगा पडायच्या. त्या भेगांत हात घातला की आतून गार वाफ यायची. तिचा वास मी कुठेही ओळखेन: शेवाळ, मासोळी, कमळाचे कंद आणि खाली कुजलेलं गवत. पाण्याच्या मधोमध, ज्या भागात कंबरेइतकं पाणी असायचं, तिथे देवधान उभं राहायचं.

देवधान कोणी पेरत नाही. पाण्याबरोबर ते आपणच उगवतं, पाणी चढेल तसं चढतं, आणि आश्विनात त्याला लोंबा येतात. दाणा बारीक, काळपट, आणि त्याला वीतभर लांब लालसर कुसळ. आमच्या बांधीत हेच उगवलं तर बाया तण म्हणून उपटून फेकायच्या. बोडीत उगवलं की त्यालाच हात जोडायचे. लहानपणी मला याचं फार हसू यायचं.

हात जोडणारी मुख्य म्हणजे मोठी माय. माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, ती आमच्याच घरात होती आणि घर तिच्याच शब्दावर चालायचं. उंच, रुंद हाडाची, आवाज असा की बोडीच्या या पाळीवरून दिलेली हाक त्या पाळीवरच्या म्हशींनाही कळायची. देवधर्माचं तिला तसं फार नव्हतं. पण भाद्रपदातली ऋषिपंचमी तिने कधी चुकवली नाही. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, अशी रीत. नांगरलेल्या जमिनीतलं चालत नाही. मग भात कशाचा? देवधानाचा. आदल्या वर्षी आश्विनात गोळा केलेलं, वर्षभर मडक्यात जपलेलं.

त्या दिवशी सकाळी आघाड्याच्या काड्यांनी दात घासून, आंघोळ करून ती आधी गोठ्यात जायची. दोन्ही बैलांच्या कपाळावर हात ठेवायची आणि म्हणायची, "आज तुमचं नाही खात बाप्पा. आज तुमाले सुट्टी." बैल कान हलवायचे. तिला ते पुरायचं. मग चुलीवर तो लालसर भात शिजायचा. त्याच्या वाफेला बोडीच्या तळाचा वास असायचा, अगदी भेगेत हात घातल्यावर यायचा तोच. अंबाडीच्या भाजीबरोबर ती एक-एक घास सावकाश खायची आणि पहिला घास मला द्यायची. घरातल्या दुसऱ्या कोणाला नाही. कारण तोडणीला मी तिच्याबरोबर पाण्यात उतरत असे.

तोडणी म्हणते खरी, पण देवधान तोडता येत नाही. पिकलं रे पिकलं की ते सांडतं. तुम्ही विळा घेऊन पोचायच्या आत दाणा पाण्यात गेलेला असतो. म्हणून दसऱ्याच्या आधी, लोंबा अजून हिरव्या असतानाच पाण्यात उतरायचं, चार-पाच लोंबा एकत्र धरायच्या आणि त्यांच्याच पात्यानं त्यांची मोळी बांधायची. मग आठ-दहा दिवसांनी टोपलं घेऊन जायचं, मोळी टोपल्यावर वाकवायची आणि काडीनं हलकं ठोकायचं. कुसळांनी हात सोलून निघायचे, पायांना जळवा लागायच्या. मी भीत भीत उतरायची, मोठी माय माझा हात धरून ठेवायची. दर दोन मोळ्यांमागे तिसरी ती बांधायचीच नाही.

"ही काहून सोडली?" मी विचारायची.

"थे बोडीची हाय. सारं आपनच नेलं तं पुढच्या साली काय खाशीन, माती?"

त्याच देवधानात सारसाची एक जोडी पाण्यावर गवताचा ढीग रचून घरटं करायची. मोठी माय त्या बाजूच्या मोळ्या कधी बांधत नसे. थंडीत लांबून बदकंही यायची आणि होळीपर्यंत निघून जायची. सारस मात्र कुठेही जायचे नाहीत. सकाळी त्यांनी माना वर करून हाक घातली की आमच्या अंगणातली कुत्री गप्प व्हायची.

तर माझ्या बारा काड्या. बोडीची पाळ दर पावसात खचायची, गुरं चढ-उतर करून ती आणखी मोडायची. बाबांनी काड्या पाहिल्या, मामाचं म्हणणं ऐकलं आणि म्हणाले, "पोट्टीनं अक्कल लावली." मी पाळीवर रांगेत काड्या टोचल्या. मृगाला अजून तीन आठवडे होते. मोठी माय रोज दुपारी भांडी घासायला बोडीवर जायची, तेव्हा तळाशी उरलेल्या डबक्यातून गडव्या-गडव्यानं पाणी आणून त्या काड्यांना घालायची. एकही मेली नाही. पहिलं फूल आलं तेव्हा तिने ते माझ्या वेणीत खोचलं. आईने मग काढून टाकलं, चीक लागेल म्हणून.

चार वर्षं मी त्या कुंपणाचा तोरा मिरवला. शेजारच्या गावातल्या बायाही काड्या मागून नेत. बकऱ्या खरंच तोंड लावत नव्हत्या. पाळ खचायची थांबली. मग मी भंडाऱ्याला कॉलेजात गेले.

आमचे वनस्पतिशास्त्राचे सर भिंतीवर आशियाचा मोठा नकाशा टांगत आणि खडूची धूळ लागलेलं बोट हिमालयावरून फिरवत. "ही भिंत इथे आहे म्हणून पाऊस इथे अडतो," ते म्हणायचे. "पाऊस चार महिने आणि ऊन आठ महिने, म्हणून इथली झाडं अशी. झाड भूगोल शिकत नाही, भूगोल झाडाला शिकवतो." एकदा ते भाताबद्दल बोलत होते. जे तळं उन्हाळ्यात आटतं, तिथे कसं जगायचं? जो दाणा झाडाला चिकटून राहिला तो पाखरानं खाल्ला नाहीतर उन्हानं जाळला. जो वेळेवर सांडला, चिखलात गेला, भेगेत झोपला, तो पुढच्या पाण्याला उठला. म्हणून रानातलं धान सांडतं. मग माणसं आली. त्यांना जी लोंब न सांडता हातात राहिली ती त्यांनी घरी नेली, तीच पेरली, हजारो वर्षं. गंगेच्या काठापासून चीनपर्यंत ताटातला भात असाच आला. "घरचं धान म्हणजे न सांडायला शिकलेलं रानधान," सर म्हणाले. मला मोठी मायच्या मोळ्या आठवल्या आणि वर्गातच हसू फुटलं. एवढ्या मोठ्या खंडाची गोष्ट, आणि ती आमच्या बोडीत कंबरेइतक्या पाण्यात उभी होती.

ते हसू आठवडाभरही टिकलं नाही. पुढच्याच तासाला सर हातात एक फांदी घेऊन आले. फिकट जांभळं फूल. कॉलेजच्या मागच्या नाल्यातून तोडली होती. "बेशरम," ते म्हणाले. "हिचं माहेर समुद्रापलीकडे, दक्षिण अमेरिकेत. तिथे हिला खाणारे किडे आहेत, वाळवणारे रोग आहेत, हिच्याशी भांडत भांडत वाढलेली झाडं आहेत. ते सगळं मागे ठेवून ही इथे आली. इथल्या कोणालाच हिच्याशी भांडता येत नाही." मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमच्याकडे आहे का ही, तळ्याकाठी?"

"नाही सर," मी म्हणाले.  का खोटं बोलले, आजही सांगता येत नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले ती घरात पिशवी टाकून आधी बोडीवर. कुंपण पाळीवर राहिलंच नव्हतं. ते उतरून खाली पाण्यात आलं होतं, गुडघाभर पाण्यात मजेत उभं होतं, आणि त्याच्या आणि देवधानाच्या मध्ये फक्त एक लहानशी मोकळी पट्टी उरली होती. वर तीच सुंदर फुलं. मला ती एकदम ओकारी आणणारी वाटली.

मी कोणाला काही सांगितलं नाही. दुपारी घर आडवं झालं की विळा घेऊन जायची. तीन दुपारी कापलं. कांड्या पोकळ, कापल्या की पांढरा चीक. हात चिकट, डोळे चुरचुरलेले, आणि सगळा वेळ धाक, की कोणी विचारेल काय करते. कापलेलं उचलून पाळीपलीकडे नेण्याइतकी ताकद नव्हती, वेळही नव्हता. मी ते तसंच पाण्यात लोटून दिलं. मुळं नाहीत, कुजेल, असं म्हणाले मनाशी. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी! मामा एवढा स्वच्छ सांगून गेला होता, कुठंबी टोच, लागते.

करायला गेले गणपती, झाला मारुती. चैत्रात बोडीचा तळ उघडा पडला तेव्हा दिसलं. वाऱ्यानं काड्या जिथे जिथे वाहत नेल्या होत्या तिथे तिथे, थेट मधोमध, जुन्या देवधानाच्या जागी, प्रत्येक कांडीच्या प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटून झुडूप उभं होतं. पाळीवरून ते देवधानापर्यंत पोचायला आणखी चार-पाच वर्षं लागली असती. मी ते तीन दुपारींत पोचवलं होतं.

तेव्हापासून माझ्या सुट्ट्या मोजण्यात गेल्या. गावी आले की आधी पाळीवर उभी राहून बेशरमाची झुडपं मोजायची, मग देवधानाचे पुंजके. एक आकडा वाढायचा, दुसरा उतरायचा. घरात कोणी नुसतं बेशरम म्हटलं तरी मी खाली पाहायची. चोराच्या मनात चांदणं. बाबा म्हणायचे नव्या खतानं झालं. कोणी म्हणायचं पाणी रुसलं. माझं नाव कोणी घ्यायचं नाही, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटायची. आश्विनात मोठी माय पाण्यात उतरायची तेव्हा मी काठावर जीव मुठीत धरून तिच्या टोपल्याकडे पाहत असायची. एका वर्षी टोपलं भरलं नाही. पुढे टोपल्याऐवजी सूप पुरलं. मग पदर पुरला. तरीही ती तिसरी मोळी सोडतच होती.

सारस एका पावसाळ्यात दिसलेच नाहीत. सकाळी हाक आली नाही म्हणून मी दारात येऊन उभी राहिले, तर मोठी मायही उभी होती. 

शहाऐंशीच्या सुमारास मला नागपूरला कॉलेजात नोकरी लागली. श्रावण संपत आला होता, ऋषिपंचमी दोन आठवड्यांवर. मी निघाले तेव्हा मोठी माय हा डबा घेऊन बाहेर आली. आदल्या आश्विनात तिला मिळालेलं सगळं त्यात होतं. मूठभर.

"हे ने. तुया तिकडं एखादा जुना तलाव असन. चिखल असन, बेशरम नसन, असा पाह्य. तिथं सांड."

"अगं, ऋषिपंचमीला तू काय खाशील?"

"भाजी खाईन. एक दिस भात नाही खाल्ला तं मरत नाही मी."

 "मोठी माय, ते बेशरम मी..."

"लावलं तूनं. मालूम हाय मले." ती हसली. "आन जगवलं कोनं? त्या उन्हाळ्यात गडव्या-गडव्यानं पानी मीनंच घातलं नाही का? फूल भल्ली साजरं दिसे. मले बी आवडे." मग डबा माझ्या हातात दाबून म्हणाली, "पन आयक. खाजो नोको. आन ठेवजो तं अजाबात नोको. हे ठेवाचं धान नोहे, सांडाचं धान हाय."

लावल्याचा अर्धा भार तिने असा सहज उचलला. कापून पाण्यात लोटल्याचं मी तेव्हाही सांगितलं नाही. "हो" म्हणाले आणि बसमध्ये चढले.

नागपुरात तळी आहेत, चांगली जुनी. पहिल्याच महिन्यात रविवारी डबा घेऊन एका तळ्यावर गेले. कडेला सिमेंट होतं. दुसऱ्यावर जलपर्णी पसरलेली. तिसरं चांगलं होतं, चिखल होता, बेशरम नव्हतं. तिथे मी तासभर उभी राहिले आणि डबा घेऊन परत आले. मला वाटलं, म्हशी खातील. मग वाटलं, तळं कोणी साफ करेल. खरं कारण वेगळंच होतं. एकदा मी एका जागेचं झाड उचलून दुसऱ्या जागी लावलं होतं आणि त्याने बोडी खाल्ली होती. या हाताने आता काहीही कुठे टाकायची मला हिंमत नव्हती. शिवाय हे शेवटचं. डब्यात आहे तोवर आहे, असं मी धरून बसले.

दर आषाढात मी त्यातले दहा दाणे कॉलेजच्या प्रयोगशाळेत बशीतल्या ओल्या टिपकागदावर ठेवायची. पहिल्या वर्षी आठ रुजले. इवली हिरवी सुई, मग बोटभर पातं. मी ती बशी खिडकीत ठेवून रोज पाहायची. माती द्यायला हवी, हे मला कळत नव्हतं असं नाही. उद्या देऊ म्हणत राहिले, आणि ती पिवळी पडून गेली. दुसऱ्या वर्षी सहा, मग चार. पुढे एका वर्षी एकच.

त्याच सुमारास मोठी माय अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेले. आवाज बारीक झाला होता, त्या आवाजाने बोडी ओलांडली नसती. बाबूच्या बायकोने हळूच सांगितलं, इतकी वर्षं ऋषिपंचमीला त्या नुसती भाजी खातात, बाजारातलं देवधान आणून दिलं तरी घेत नाहीत. मोठी मायनं मला जवळ बसवलं.

"सांडलं का वं?"

"सांडलं."

"उगवलं?"

"उगवलं."

तिने डोळे मिटले. "बरं झालं," म्हणाली. मी तिचा हात धरून बसले होते आणि तो हात सोडून पळून जावंसं वाटत होतं. बशीत आठ उगवले होतेच की, म्हणजे अगदीच खोटं नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. ती त्याच पौषात गेली. पुढच्या आषाढात दहांतला एकही दाणा रुजला नाही. तेव्हा दुःखाच्या आधी मला हायसं वाटलं, कारण आता काही ठरवायचं उरलं नव्हतं. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

बाबू सानगडीच्या स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभा होता. घरी चहासुद्धा न घेता आम्ही बोडीवर गेलो. आणि खरंच, बोडी मोकळी होती. चाळीस वर्षांनी मला तिच्या पलीकडची पाळ दिसली. गढूळ, गुडघाभर नवं पाणी, त्यावर ढगांचं चित्र. तो वास. मी पिशवी छातीशी धरून उभी राहिले.

मग खाली पाहिलं. मशीनने उकरलेला गाळ पाळीवर लोटलेला होता, आणि त्या ओल्या गाळात बेशरमाच्या तुटलेल्या कांड्या होत्या. शेकडो. काही घसरून पाण्याच्या कडेला पोचल्या होत्या. मी खाली बसून एक उचलली. पेऱ्याला हिरवा डोळा फुटला होता, खाली पांढरं मूळ.

"बाबू, टोपलं आण."

"कायले?"

"आधी आण."

तो हसला. "अवं बाई, नावच बेशरम हाय त्याचं. असं एक-एक वेचून जाते का थे?"

"जातं. वेचलंच नाही म्हणून राहिलं." आणि मग मी सांगितलं. विळा, तीन दुपारी, पाण्यात लोटलेल्या काड्या, सगळं. इतकी वर्षं जे लपवलं होतं ते पाच मिनिटांत सांगून संपलं. बाबूनं ऐकून घेतलं. मग घरी गेला आणि दोन टोपली घेऊन आला.

दुपारभर आम्ही दोघं वेचत होतो, दोन म्हातारी माणसं चिखलात ओणवी. माझे गुडघे बोलत होते. भरलेली टोपली बाबू गोठ्याच्या कोरड्या पडवीत नेऊन ओतायचा, वाळल्यावर जाळायला. निम्मी पाळही झाली नव्हती. उद्या यावं लागणार होतं, परवाही, आणि पुढच्या आषाढातही. हे कळलं तरी नवल म्हणजे मला भीती वाटली नाही.

उन्हं कलली तेव्हा मी हात धुतले, डबा काढला आणि पाण्यात उतरले. बाबूनं माझा दंड धरून ठेवला, कधी काळी मोठी माय धरायची तसा. झाकण निघेना, त्याने किल्लीनं उचकटून दिलं. आतून बोडीचा वास यायचा कधीच बंद झाला होता, आला तो नुसता गंजाचा. मी डबा तिरपा केला. काळपट दाणे पाण्यावर पडले, पसरले, आणि तसेच तरंगत राहिले. जिवंत दाणा बुडतो. त्यातला एकही बुडाला नाही.

"उगवन का हे, बाई?"

"नाही. मेलंय ते केव्हाच."

"मंग काहून टाकून राहिली?"

मला उत्तर माझ्या शहरी भाषेत सुचेना.

"सांडाचं होतं बाबू," मी म्हणाले. "मीनं ठेवलं."

 बाबूनं वाकून पाण्याच्या कडेची आणखी एक कांडी मुळासकट उपटली आणि टोपल्यात टाकली.